घरची गॅस भट्टी : काय हातानं करायचं, काय विकतच घ्यायचं



गेल्या पावसाळ्यात आपल्याच प्रभागसंघातल्या एका ताईचा हात भाजला. विळे-खुरपी बनवून बाजारात विकणारं घर. मालकांनी कुठेतरी बघून गॅसवर चालणारी भट्टी बनवली. भट्टी चांगली झाली होती, त्यात वाद नाही. पण गॅस घेतला स्वयंपाकाच्या टाकीचा, आणि नळी जोडली जुनी, वर तार आवळून. तिसऱ्याच दिवशी भट्टीच्या धगीनं नळी मऊ पडली, तारेतून निसटली आणि जाळ सरळ नळीच्या तोंडाला आला. ताईंनी धावत जाऊन टाकी बंद केली, म्हणून घर वाचलं. मनगटापर्यंत कातडी गेली. दोन महिने त्या हातानं भाकरी थापता आली नाही.

त्यानंतर त्या गटात दोन मतं पडली. काहीजणी म्हणाल्या, असल्या धंद्याला कर्जच नको. काही म्हणाल्या, मग कोळशाचा धूर खात बसायचं का जन्मभर? दोन्ही बाजूंचं म्हणणं खरं होतं. म्हणून या महिन्याचा पाठ त्याच विषयावर घेतला आहे. तुमच्या गटात लोहारकाम करणारं घर नसेल, तरी पाठ वाचा. उद्या कुणी अशा भट्टीसाठी कर्ज मागितलं, तर काय विचारायचं ते तुम्हाला कळेल.

गॅसची भट्टी कशासाठी?

कोळशाच्या भट्टीला सतत वारा लागतो. भाता ओढायला नाहीतर पंखा फिरवायला एक माणूस अडकतं, आणि ते माणूस बहुतेक घरांत बाईच असते. घिसाडी आणि लोहार घरांतल्या बाया तर भाताही सांभाळतात आणि घणही मारतात. धूर, राख, ठिणग्या सगळं तिच्या तोंडावर.

गॅसची भट्टी स्वतःच हवा ओढून घेते. पेटवल्यावर पंधरा-वीस मिनिटांत तापते, काम थांबलं की बंद करता येते, राख काढावी लागत नाही. विळा, खुरपं, कोयता, सुरी, छिन्नी अशा लहान कामाला ती फार सोयीची. नांगराचा मोठा फाळ किंवा जाड अवजार असेल, तर कोळशाची भट्टी अजूनही बरी. म्हणून जुनी भट्टी लगेच मोडू नका.

सगळ्यात आधी एक नियम

हा पाठ एका वाक्यात सांगायचा तर असा : जिथे फक्त धग आहे तो भाग घरी बनवा, जिथे गॅस वाहतो तो भाग विकतच घ्या.

घरी करता येतं : भट्टीचं कवच, आतलं अस्तर, पाय, विटांची दारं.

विकतच घ्यायचं : सिलिंडर, रेग्युलेटर, नळी, बंद-चालू करायचा व्हॉल्व्ह, बर्नर.

पैसे वाचवायचे असतील तर पहिल्या यादीत वाचवा. दुसऱ्या यादीतला एक रुपयाही वाचवू नका.

भट्टीचं कवच आणि अस्तर

1. कवच. 10 इंच व्यासाचा, 12 इंच लांबीचा जाड लोखंडी पाइपाचा तुकडा पुरतो. भंगारात मिळतो. पांढरट चकाकणारा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पाइप घेऊ नका. तापल्यावर जस्ताचा धूर निघतो आणि तो छातीत गेला की थंडी-ताप भरतो. आणि भंगारातलं जुनं गॅस सिलिंडर कापून कवच करायचा विचारही नको. रिकामं दिसलं तरी आत गॅस राहिलेला असतो, कापताना स्फोट होतो. शिवाय ते सिलिंडर कंपनीच्या मालकीचं असतं.

2. बर्नरसाठी भोक. कवचाच्या वरच्या बाजूला, जरा तिरकं. जाळ सरळ लोखंडावर आदळू नये, आतल्या भिंतीला लागून गोल फिरावा, यासाठी हा तिरकेपणा. हे भोक आणि बर्नर धरायची नळी गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून करून घ्या.

3. अस्तर. आत सिरॅमिक लोकर बसवायची. ती पांढऱ्या गादीसारखी गुंडाळी येते आणि 1260 अंश सेल्सिअसपर्यंत चालणारी अशी मिळते. 1 इंच जाडीचे दोन थर, म्हणजे सगळीकडून 2 इंच. विटांच्या भट्टीपेक्षा ही हलकी असते, लवकर तापते आणि गॅस कमी खाते.

इथे नीट लक्ष द्या. ही लोकर मऊ दिसते, पण तिचे बारीक तंतू श्वासातून फुफ्फुसात जाऊन बसतात. ती उघड्यावर कापा. तोंडाला एन-95 मास्क लावा, ओढणी किंवा पदर नुसता गुंडाळून भागत नाही. पूर्ण बाह्यांचा सदरा आणि हातमोजे घाला. लेकरं जवळ नकोत. काम झालं की कपडे वेगळे धुवा, जमीन झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा.

4. लेप. लोकर तशीच उघडी ठेवायची नाही. आधी तिला कडक करणारा सिलिकाचा द्रव फवारून वाळू द्या. मग भट्टीसाठी मिळणाऱ्या आगरोधक सिमेंटचा अर्ध्या इंचाचा लेप आतून द्या. घरबांधणीचं सिमेंट इथे चालत नाही, ते तडकून उडतं. लेप दिल्यावर तंतू हवेत येत नाहीत आणि भट्टीही टिकते. सगळं करून आत साधारण 5 इंच रुंद पोकळी उरते. विळ्या-कोयत्याला ती पुष्कळ झाली.

5. तळ आणि दारं. तळाला भट्टीची वीट ठेवा म्हणजे लोखंड लेपावर घासणार नाही. पुढे आणि मागे सरकवता येतील अशा विटा लावा. दोन्ही तोंडं पूर्ण बंद करायची नाहीत. जाळाला बाहेर यायला वाट हवीच.

6. वाळवण. लेप दोन-तीन दिवस सावलीत वाळू द्या. मग पहिल्यांदा अगदी लहान जाळावर पाच-दहा मिनिटं, थंड होऊ द्या, परत जरा जास्त. घाई केली तर आतल्या ओलाव्याची वाफ होऊन लेप फुटतो.

बर्नर : विकत घ्या, पण समजून घ्या

बर्नर म्हणजे एक नळी. तिच्या मागच्या टोकाला बारीक भोकाचा जेट असतो. त्यातून गॅस जोरात सुटतो आणि आपल्याबरोबर बाजूच्या भोकांतून हवा ओढून घेतो. चुलीत फुंकणीनं फुंकर घालतो, तेच काम इथे गॅसचा झोत करतो. वर सांगितलेल्या मापाच्या भट्टीला पाऊण इंची एक बर्नर पुरतो.

बर्नरचं तोंड भट्टीच्या पोकळीत पुढे आलेलं नको. ते अस्तराच्या आतच, अर्धा इंच मागे राहावं, नाहीतर तोंड जळून जातं. हवेची भोकं मोकळी ठेवा. त्यांत कोळ्याचं जाळं किंवा गांधीलमाशीचं मातीचं घर असेल तरी जाळ बिघडतो. महिनाभर भट्टी बंद होती, तर आधी भोकं बघायची, मगच पेटवायची.

गॅस : इथे तडजोड नाही

*सिलिंडर.* स्वयंपाकाची 14.2 किलोची लाल टाकी धंद्याला वापरणं कायद्यानं मना आहे. पकडलं तर टाकी जप्त होते, गुन्हा होतो. धंद्यासाठी 19 किलोचं निळं व्यावसायिक सिलिंडर आपल्या नावावर घ्या.

*रेग्युलेटर.* शेगडीचा रेग्युलेटर फार कमी दाबानं गॅस सोडतो, त्यावर ही भट्टी चालत नाही. मग लोक काय करतात? तो काढून काहीतरी जुगाड करतात. अपघाताची सुरुवात तिथेच होते. दाब कमी-जास्त करता येणारा, काटा असलेला जास्त दाबाचा रेग्युलेटर घ्या. भट्टीला साधारण 0.3 ते 0.7 किलो दाब लागतो.

*नळी.* जास्त दाबाच्या एलपीजीसाठी असलेली, आयएसआय खूण असलेली नळी. दोन्ही टोकांना पेचाचे जोड, तार किंवा सुतळी नाही. नळीवर चीर, फुगवटा, कडकपणा दिसला की त्याच दिवशी बदला.

*व्हॉल्व्ह.* बर्नरजवळ हाताशी एक बॉल व्हॉल्व्ह हवाच. पाव वळणात गॅस बंद होतो.

*साबणाची परीक्षा.* प्रत्येक वेळी सिलिंडर बदलला की जोडांवर साबणाचा फेस लावा. बुडबुडे आले म्हणजे गळती. काडी पेटवून गळती बघणाऱ्याला भट्टीच्या जवळ येऊ देऊ नका.

जागा

भट्टी पडवीत किंवा तीन बाजूंनी मोकळ्या छपराखाली लावा. बंद खोलीत कधीच नाही, मग पाऊस असो की थंडी. याला दोन कारणं आहेत.

एक, हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर जात नाही, जमिनीवर पसरतो, खड्ड्यात आणि गटारीत साठतो. सिलिंडर भट्टीपासून निदान 10 फूट लांब, उभं, सपाट जागेवर ठेवा. आडवं केलं तर गॅसऐवजी पातळ द्रव नळीत येतो आणि जाळ अंगावर येतो.

दोन, जळताना हवा कमी पडली तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखलं, चक्कर आली, मळमळलं तर ऊन लागलं असं समजून बसून राहू नका. भट्टी बंद करा आणि बाहेर मोकळ्या हवेत या.

काम जोरात चालू असताना सिलिंडर गार पडून त्यावर दव धरतं आणि दाब कमी होतो. अशा वेळी काहीजण सिलिंडरला गरम पाणी किंवा जाळ दाखवतात. तसलं धाडस नको. थोडा वेळ काम थांबवा, ते आपोआप ठिकाणावर येतं.

पेटवणं आणि विझवणं

पेटवताना :
1. तोंड भट्टीच्या समोर नको, बाजूला उभं राहा.
2. आधी पेटता बोळा लांब चिमट्यानं आत ठेवा.
3. मग गॅस हळूच सोडा. आधी जाळ, मग गॅस. उलटं केलं तर आत साठलेला गॅस एकदम पेट घेतो.
4. जाळ पेटला नाही तर गॅस बंद करा, पाच मिनिटं थांबा, मग परत.

विझवताना :
1. आधी सिलिंडर बंद करा.
2. नळीतला उरलेला गॅस जळून जाऊ द्या.
3. जाळ विझला की बर्नरचा व्हॉल्व्ह बंद करा.

भट्टीच्या तोंडातून लांब पिवळा जाळ येत असेल तर गॅस जास्त, हवा कमी. बर्नरमधून भक-भक आवाज आला तर जाळ उलटा नळीत शिरतोय, लगेच गॅस बंद.

अंगावर काय हवं

सुती कपडे. नायलॉनची साडी पेटली की वितळते आणि कातडीला चिकटते. पदर कमरेला घट्ट खोचा, केस बांधा. पायात चामडी बूट, डोळ्याला चष्मा. बांगड्या आणि अंगठी काढून ठेवा. बांगड्या काढायला घरात नाही म्हणतात, हे माहीत आहे. पण भाजल्यावर हात सुजतो आणि बांगड्या कापून काढाव्या लागतात. काम संपल्यावर परत घालता येतात, एवढं घरी सांगा.

जवळ वाळूची बादली आणि पाण्याचं पिंप कायम भरलेलं असावं. भाजलं तर वीस मिनिटं थंड वाहतं पाणी. हळद, शाई, टूथपेस्ट काही लावायचं नाही. रुग्णवाहिका 108, आग 101, गॅस गळती 1906. हे आकडे भट्टीजवळच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

लोखंडाचा रंग वाचायला शिका

रंग नेहमी सावलीत बघायचा, उन्हात फसगत होते. गडद लाल म्हणजे अजून कच्चं, ठोकलं तर तडकेल. नारिंगी म्हणजे घण मारायची वेळ. पिवळं झालं की सावध व्हा. पांढरं होऊन ठिणग्या उडायला लागल्या म्हणजे लोखंड जळालं, तो तुकडा वाया गेला.

विळे-कोयते बहुतेक ट्रकच्या कमानीच्या पाट्याचे करतात, कारण ते चांगलं पोलाद असतं. त्याला पाणी देण्याची वेळ ओळखायची सोपी युक्ती आहे. लोखंड साधारण 770 अंशांना चुंबकाला चिकटणं सोडतं. जुन्या स्पीकरचं चुंबक गजाला बांधून जवळ ठेवा. पातं चिकटेनासं झालं की आणखी थोडंच तापवा आणि बुडवा. पण पाट्याचं पोलाद पाण्यात बुडवलं तर चीर जाण्याची भीती असते, म्हणून त्याला तेल बरं. तेल लोखंडी डब्यात, झाकण हाताशी, आणि पातं एकदम पूर्ण बुडवायचं. अर्धवट बुडवलं तर तेल पेटतं.

बुडवल्यावर पातं कठीण होतं, पण काचेसारखं ठिसूळही होतं. म्हणून धारेची बाजू घासून चकचकीत करा आणि हलक्या धगीवर परत तापवा. पोलादावर रंग चढत जातो : आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा. गवत कापायच्या विळ्याला पिवळ्यावर थांबा. ऊस तोडायच्या कोयत्याला मार सोसायचा असतो, त्याला तपकिरी-जांभळ्यापर्यंत जाऊ द्या.

हिशोब कसा ठेवायचा

रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्यावरच कोरलेलं असतं. सकाळी आणि संध्याकाळी सिलिंडर धान्याच्या काट्यावर ठेवा. फरक म्हणजे त्या दिवशी जळालेला गॅस. अशी भट्टी तासाला साधारण पाऊण ते सव्वा किलो गॅस घेते.

समजा दिवसाला 5 किलो गॅस लागला आणि 20 विळे झाले. म्हणजे एका विळ्याला पाव किलो गॅस. त्यात पाट्याचे, मुठीचे, वाहतुकीचे पैसे मिळवा. मग मजुरी मिळवा, दोघांची. त्यानंतर किंमत ठरवा.

गॅस वाचवायचा मार्ग एकच : भट्टी रिकामी जळू देऊ नका. एक पातं ऐरणीवर असताना दुसरं आणि तिसरं आत तापत असावं. चौथं घालू नका, लक्ष सुटून जळतं.

नाव कुणाचं?

17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत लोहारकाम आहे, हातोडे आणि अवजारं बनवण्याचं कामही आहे. प्रशिक्षण, त्या काळातला रोज 500 रुपये भत्ता, 15,000 रुपयांपर्यंत अवजारांसाठी मदत आणि तारणाशिवाय पहिलं 1 लाखापर्यंतचं कर्ज, अशी तिची रचना आहे. पण एका कुटुंबातून एकाच व्यक्तीचं नाव लागतं. नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं मिळून एक कुटुंब धरतात. नाव कुणाचं लावायचं, हे अर्ज भरायच्या आधी घरात बोला. घण तुम्ही मारता, पातं तुम्ही ओळखता, बाजारात तुम्ही बसता, तर नाव तुमचं का नको? सध्या अर्ज कसा घेतात याची चौकशी ग्रामपंचायतीत आणि आपल्या सीआरपी ताईंकडे करा.

अजून एक गोष्ट. भात्यावर बसणाऱ्या बाईची मजुरी आजवर कुणी हिशोबात धरली नाही. गॅस आला की तो हात मोकळा होतो. मोकळा झालेला हात घरात "आता तिचं काही काम नाही" म्हणून मोजला जातो, की ऐरणीपाशी कारागीर म्हणून उभा राहतो, ते तुमच्या वहीवर अवलंबून आहे. म्हणून वहीत रोज दोन रकाने करा, त्याचे तास आणि तिचे तास. पहिल्या दिवसापासून.

सुरुवातीला सांगितलेल्या ताईंचा हात आता बरा आहे. गटानं त्यांना कर्ज दिलं, पण एका अटीवर : पहिला हप्ता रोख नाही, त्यातून रेग्युलेटर, नळी आणि व्हॉल्व्ह घ्यायचे आणि पावती बैठकीत दाखवायची. भट्टी जुनीच आहे, पडवीत. गेल्या बाजारात त्यांचे सगळे विळे गेले.

बैठकीत चर्चेसाठी

1. आपल्या गटात गॅसवर धंदा करणारी किती घरं आहेत? वडापाव, भेळ, इस्त्री, वेल्डिंग, सगळी धरा. त्यांची नळी शेवटची कधी बदलली?
2. अशा कर्जासाठी "आधी सुरक्षेचं सामान, मग बाकी" हा ठराव आपण इतिवृत्तात घ्यायचा का?
3. घरच्या धंद्यात तुमचे रोज किती तास जातात? एक आठवडा लिहून आणा, पुढच्या बैठकीत एकमेकींना वाचून दाखवा.